जिन्याखालची मांजरी



मांजर मारले तर काशीस जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही समजूत आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली असेल. सोन्याचा हा धाक मोठा गुणकारी ठरला. मांजराच्या जिवावर उठण्यास आपण कचरतो. परंतु धाकातून पळवाटही आपणच काढली. जिन्याखाली मांजरी व्याली, की पिल्ले पोत्यात घालावयाची आणि दूरच्या मासळीबाजारापाशी सोडून यावयाचे. हत्येचे पाप नाही आणि जिनाही मोकळा! डोळे न उघडलेल्या त्या जिवांचे पुढे काय होते, हे पाहावयास मात्र कोणी थांबत नाही.

या उपायाने मांजरे कमीही होत नाहीत. जेथे उष्टे-खरकटे आणि आडोसा आहे, तेथे एक मांजर गेले की दुसरे येते. मांजरी पाचव्या-सहाव्या महिन्यात, क्वचित त्याही आधी, वयात येते आणि सुमारे नऊ आठवड्यांत पिल्ले घालते. म्हणून खरा उपाय एकच. मांजर धरावे, पशुवैद्याकडे नेऊन दुखणे बरे करून घ्यावे, संततिप्रतिबंधाची शस्त्रक्रिया करवावी आणि ते जेथून उचलले तेथेच परत सोडावे. शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून गुंगीत असतानाच एका कानाचे टोक किंचित कापतात. एरवी तेच मांजर पुन्हा पुन्हा धरले जावयाचे.

ऐकावयास हे सोपे आहे. धरावयाचे कसे? आमची चाळ गिरगावातली. तिच्या जिन्याखाली एक राखी रंगाची मांजरी राही. एके दिवशी तिच्या मानेवर जखम दिसली. चार दिवसांत तीत अळ्या पडल्या. शेजारच्या एका सद्‌गृहस्थांनी माणसांची तापाची गोळी दुधातून देण्याचे सुचविले. ती दिली नाही, हे त्या मांजरीचे भाग्य. पॅरासिटामॉल हे औषध मांजराला विषासारखे बाधते. एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

मग पिंजरा आणला. उंदराच्या पिंजऱ्याचे हे थोरले भावंड. आत एक पट्टी असते. तिच्यावर पाय पडला की मागचे दार खाली येते. आमिषाला बोंबलासारखी वस्तू नाही. पण चाळीत शाकाहारी बिऱ्हाडे पुष्कळ. भाजलेल्या बोंबलाच्या वासाने तीन दिवस अर्ध्या मजल्याने माझ्याशी बोलणे टाकले. पहिले काही दिवस दार दोरीने उघडे बांधून ठेवावयाचे आणि आतच खाऊ घालावयाचे, म्हणजे मांजराची भीती मोडते. ज्या दिवशी धरावयाचे, त्याच्या आदल्या रात्री कोणीही तिला खाऊ घालू नये, असे घरोघर सांगून ठेवावे लागते. हे सांगणे सर्वांत अवघड. कोणा मायाळू काकूंची दुधाची बशी साऱ्या बेतावर पाणी फिरविते!

दार पडले की मांजर वेड्यासारखे उसळ्या मारते. त्या क्षणी पिंजऱ्यावर जाड चादर टाकावी. अंधार झाला की ते बरेचसे शांत होते. आत हात घालू नये. चावा अथवा ओरखडा लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पिसाळरोग केवळ कुत्र्यापासूनच होतो, असे नाही.

इतके सारे मी वाचून-विचारून शिकलो होतो. मुंबईत प्राण्यांच्या उपचारांची सोय नवी नव्हे. परळला पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून आहे. राखी मांजरी चौथ्या दिवशी पिंजऱ्यात आली आणि मी विजयी मुद्रेने तिला टॅक्सीत घालून जवळच्या डॉक्टरांकडे नेले. गुंगीचे औषध देऊन त्यांनी तिला उताणे केले, आणि हात थांबवून मला विचारले, "हिची पिल्ले कोठे आहेत?"

तिच्या सडांभोवतालचे केस झिजलेले होते. सडांत दूध होते. चार दिवस मी तिची मान न्याहाळीत होतो. पोटाकडे एकदाही पाहिले नव्हते.

जखमेची सफाई झाली, शस्त्रक्रिया पुढे ढकलली. मी परत आलो आणि शोध सुरू केला. जिन्याखाली काही नाही, कोळशाच्या जुन्या खोलीत नाही, गच्चीवर नाही. ज्यांनी बोलणे टाकले होते, ती मंडळीही कंदील-विजेऱ्या घेऊन बाहेर पडली. रात्री दोनच्या सुमारास सारी चाळ निःशब्द झाली, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरील एका माळ्यातून बारीकसा आवाज आला. ट्रंकांच्या मागे, फाटक्या गोधडीत तीन पिल्ले होती. एक थंडगार पडले होते. उरलेली दोन मी सदऱ्याच्या आत धरून बसलो. अशा पिल्लांना दुधाच्या आधी ऊब लागते. उजाडताच ती आईपाशी नेली. गुंगीतून उतरलेली ती मांजरी माझ्यावर फिसकारली, आणि मग पिल्लांना चाटू लागली.

आता पिंजरा मांडण्यापूर्वी मी दोन दिवस नुसता पाहत बसतो. मांजरी कोणीकडून येते, खाऊन कोणीकडे जाते, पोट कसे दिसते. दुभती असेल तर आधी पिल्लांचा ठिकाणा, मग पिंजरा.

राखी मांजरीची शस्त्रक्रिया दोन महिन्यांनी, पिल्ले खाऊ लागल्यावर झाली. दोन्ही पिल्ले चाळीतच राहिली. एक तर त्या बोंबलावर रुसलेल्या बिऱ्हाडातच. तिला मी जिन्यापाशी आणून दार उघडले, तेव्हा ती मागे न पाहता निघून गेली. आठ दिवस माझ्या हातचे काही खाल्ले नाही. नवव्या दिवशी सकाळी तिसऱ्या पायरीवर बसलेली दिसली. मानेवर नवे केस, कानाचे टोक कापलेले, आणि पाठ माझ्याकडे.