विश्रांतीनंतर पुन्हा कामाकडे
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मोडलेल्या पायाचे प्लॅस्टर निघाले की रुग्णाने त्याच दिवशी धावावे, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. कामाच्या अखंड ताणाने पार थकून गेलेल्या माणसाकडून मात्र महिनाभराच्या रजेनंतर पूर्वीइतक्याच कामाची अपेक्षा केली जाते. या थकव्याला ‘बर्नआउट’ म्हणतात. अशा व्यक्तीने कामावर परतावे कसे, याविषयी मी आज बोलणार आहे.

न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ साली या अवस्थेचे वर्णन केले, ते एका मोफत दवाखान्यात तळमळीने राबणाऱ्या कार्यकर्त्यांना पाहून. सेवाभावी संस्थांनी हे विशेष लक्षात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात तिची तीन लक्षणे दिली आहेत : शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि कार्यक्षमता घटल्याची जाणीव. मात्र तिथे बर्नआउटला आजार न मानता कामाशी निगडित अवस्था मानले आहे. म्हणूनच प्रथम रक्तक्षय, थायरॉईडचे विकार, निद्राविकार व नैराश्य यांची तपासणी आवश्यक ठरते.

या भेदाचा एक व्यावहारिक परिणामही आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ अन्वये मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमासंरक्षण द्यावे लागते. परंतु जी अवस्था आजारच ठरत नाही, तिला त्याचा आधार मिळणे कठीण. नेदरलँड्समध्ये २००२ पासूनच्या कायद्यानुसार दीर्घ रजेवरील कर्मचाऱ्याच्या परतीचा आराखडा मालक व कर्मचारी यांनी पहिल्या आठ आठवड्यांत मिळून करावयाचा असतो. आपल्याकडे ही जबाबदारी प्रत्येक कुटुंबाला स्वतःच पेलावी लागते. ऐरोली वा महापे येथील कंपनीत रात्रपाळी करणारा, घराचे हप्ते फेडणारा आणि आईवडील दूर गावी असलेला कर्मचारी रजा वाढवायला घाबरतो. मग अर्धवट सावरलेला तो त्याच टेबलाशी, त्याच ओझ्याखाली परततो आणि पुन्हा कोसळतो.

यावर उपाय टप्प्याटप्प्याचा आहे. प्रथम झोप व दिनक्रम सावरावा. मग घरातील लहान जबाबदाऱ्या, रोजचे चालणे, ठरावीक वेळ लक्षपूर्वक वाचन. त्यानंतर आठवड्यातून काही दिवस, मोजक्या तासांचे काम. रात्रपाळी नको, एका वेळी एकच जबाबदारी. दर पंधरवड्याला आढावा घेऊन पुढचे पाऊल ठरवावे. एखादे पाऊल मागे घ्यावे लागले, तर ते अपयश समजू नये. रुग्णाच्या संमतीने डॉक्टरांनी मालकाला पत्र द्यावे. त्यात निदानाचा तपशील न देता कोणते काम किती वेळ झेपेल, एवढेच लिहावे. माणूस सावरला आणि काम मात्र तसेच राहिले, तर उपचार अपुरा राहतो.

काम हेच औषध होऊ शकते, हा विचार आपल्याला नवा नाही. अमेरिकेत जन्मलेल्या आणि महाराष्ट्राच्या झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. रुग्णाला झेपेल अशा उद्योगातून त्याचे सामर्थ्य परत आणावे, ही या शास्त्राची दृष्टी. बर्नआउटच्या रुग्णाला हीच हवी आहे.

कुटुंबीयांना माझी विनंती आहे : “कामावर कधी जाणार?” हा प्रश्न रोज विचारू नका. आळस, नाटक हे शब्द टाळा. घरखर्चाचा हिशोब मात्र मोकळेपणाने मांडा. लपविलेली चिंता अधिक छळते. निराशा वाढली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर विलंब न लावता डॉक्टरांकडे यावे. शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे.

देणगीदारहो, या पुनर्वसनाला महागडी यंत्रे लागत नाहीत. लागतो तो समुपदेशक, व्यवसायोपचारतज्ज्ञ व समाजसेवक यांचा वेळ. त्या वेळेवर कोणाच्या नावाची पाटी लावता येत नाही. पण त्याच्या बळावर एखाद्या घराची मिळकत आणि एखाद्या माणसाचा आत्मविश्वास परत येतो. आपल्या दानाचा काही वाटा या कार्यासाठी राखून ठेवावा, अशी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.