अटकेंतल्या माणसाचा हक्क



रात्रीं शिपाई दारांत येतो आणि ‘चल’ म्हणतो. कां, कोठें, किती दिवस, कांहीं पत्ता नाहीं. श्रीमंताचा वकील सकाळीं हजर होतो. गरिबाची बायको मात्र कोणा पुढाऱ्याच्या ओट्यावर ताटकळत बसते. म्हणून आरोपीचे हक्क हा वकिलांचा नव्हे, आपल्या घरचा विषय आहे असें आम्ही समजतों.

हे हक्क घटनेंत आले कसे? १९४७ च्या पहिल्या मसुद्यांत न्याय्य रीतीवांचून कोणाचें स्वातंत्र्य हिरावूं नये, अशा अर्थाचे शब्द होते. १९४८ च्या मसुद्यांत ते गेले. कायद्यानें ठरविलेली रीत पुरे, असें झालें. म्हणजे कायदेमंडळ ठरवील ती रीत! उद्यां त्यानें जुलमी कायदा केला तर गरिबानें जावें कोठें? या बदलावर पुष्कळ टीका झाली.

तेव्हां १५ सप्टेंबर १९४९ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं घटनासमितीपुढें एक नवें कलम मांडलें. तेंच आजचें २२ वें कलम. अटकेचें कारण सांगावें. पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊं द्यावा. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटपुढें उभें करावें. यांतील पुष्कळसें १८९८ च्या फौजदारी कायद्यांत होतेंच. मग घटनेंत कशाला? बाबासाहेबांचें म्हणणें असें कीं, साध्या कायद्यांतली गोष्ट कायदेमंडळ केव्हांहि काढूं शकतें. घटनेंत घातली म्हणजे त्याचे हात बांधले जातात.

हें कुंपण पुरें नाहीं, हेंहि आम्ही लपवीत नाहीं. गुन्हा घडण्यापूर्वींच डांबून ठेवण्याची, म्हणजे प्रतिबंधक स्थानबद्धतेची, वाट त्याच कलमांत आहे. तेथें हे हक्क चालत नाहींत. शिवाय वकिलाचा हक्क मिळाला, पण फी कोणी द्यावी? गरिबाला मोफत कायदेशीर मदत द्यावी, हें तत्त्व घटनेंत यावयास १९७६ ची दुरुस्ती व्हावी लागली. त्यासाठीं कायदा झाला तो १९८७ सालीं.

बांध घातला तरी राखण आपणच करावयाची. लेकीसुनांसकट सर्वांना तीन प्रश्न पाठ असूं द्या: अटकेचें कारण काय? वकिलाला केव्हां भेटूं देणार? मॅजिस्ट्रेटपुढें केव्हां नेणार? हे विचारणें उद्धटपणा नव्हे. ज्याला हक्क ठाऊक नाहीं, त्याच्यापुरती घटना कपाटांतच राहते.