पाणंद, सडक आणि गाडीचें चाक

धाराशिव जिल्ह्यांतील बहुतेक गांवांच्या वेशीबाहेर दोन वाटा फुटतात. एक सडकेला जाऊन मिळते; दुसरी पाणंद होऊन शिवारांत शिरते. पहिली बारमाही टणक असते. दुसरी वैशाखांत दगडासारखी कठीण आणि श्रावणांत लोण्यासारखी मऊ असते. या दोन्ही वाटा एकाच गाडीनें चालावयाच्या, तर त्या गाडीला चाकें कोणतीं असावीं, हा प्रश्न मोटारीबरोबर जन्मास आलेला नाहीं. तो बैलगाडीइतकाच जुना आहे.

जुन्या गाडीच्या लांकडी चाकाचे आरे आणि तुंबा सुतार घडवीत असे, आणि लोहार लोखंडी धाव तापवून त्यावर चढवीत असे. धाव निवतांना आंवळे आणि चाकाचे सारे सांधे घट्ट बसत. तें चाक दगडधोंड्यांना दाद देत नसे. परंतु धाव पडली अरुंद. सारा भार चार बोटांच्या पट्टीवर येई. त्यामुळें ओल्या रानांत चाक रुते आणि खडीच्या सडकेवर तेंच चाक चाकोऱ्या पाडी. रॉबर्ट थॉमसन यानें १८४५ सालीं हवा भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें. १८८८ सालीं जॉन बॉइड डनलॉप यानें तीच कल्पना स्वतंत्रपणें पुन्हां शोधून व्यवहारांत आणली. कालांतरानें तें चाक बैलगाडीलाही लागलें, आणि ऊस वाहणारी टायरगाडी सर्वांच्या ओळखीची झाली. तेच बैल अधिक ओझें ओढूं लागले. बैलांचें बळ वाढलें नव्हतें. चाकाचें आणि भूमीचें नातें सुधारलें होतें. मोटारीचीं चाकें निवडतांनाही हेंच नातें पाहावयाचें असतें.

धाराशिव शहरांत राहणारा एखादा गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. सहा दिवस त्याची गाडी कचेरीला, मुलांच्या शाळेला आणि तुळजापूर-सोलापूरच्या रस्त्याला जाते. सातव्या दिवशीं ती शेतावर जाते. शेतांतील वस्तीवर त्याचे वृद्ध आईवडील राहतात. चारही चाकांना एंजिनाची ओढ मिळेल अशी गाडी त्यानें घेतली ती याच कारणानें. जुने टायर झिजले म्हणून तो दुकानांत जातो, आणि दुकानदार त्याच्यापुढें रुंद, उंच, खोल खांचांचीं चाकें मांडतो. तीं लावलीं कीं साधी गाडीही रणगाड्यासारखी दिसूं लागते. गृहस्थाला मोह पडतो. येथेंच त्यानें घटकाभर थांबून दोन हिशेब करावे : एक भूमीचा आणि एक दिवसांचा.

भूमीचा हिशेब असा. हा प्रदेश बेसाल्ट या काळ्या अग्निजन्य खडकाचा आहे. बालाघाटच्या माथ्यावर हलकी, मुरमाड, गोट्यांची जमीन आढळते. मांजरा, तेरणा, सीना या नद्यांच्या कांठीं ती काळी आणि खोल होत जाते. काळ्या मातींतील चिकण पाणी पिऊन फुगते आणि वाळतांना आकसून भेगा पाडते. ओली असतां ती चाकाच्या खांचांत जाऊन बसते आणि सहजासहजीं सुटत नाहीं. थोड्याच अंतरांत मोठ्या खांचांचें चाकही लाटण्यासारखें गुळगुळीत होऊन बसतें. म्हणजे ज्या चिखलासाठीं तें घ्यावयाचें, त्याच चिखलांत त्याची मातब्बरी पुष्कळशी लोपते.

दिवसांचा हिशेब त्याहून बोलका आहे. हा जिल्हा अवर्षणाचा. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि त्यांतही पाणंद खरोखर चिखलाची असते ते दिवस थोडेच. उलट डांबराशीं चाकाची गांठ रोजची. चिखलासाठीं केलेल्या, म्हणजे मड-टेरेन टायरचे ठोकळे एकमेकांपासून दूर असतात. म्हणून सडकेला टेकणारें रबर कमी पडतें. ओल्या डांबरावर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागतें, आवाज वाढतो, इंधन जास्त जळतें आणि टायर लवकर झिजतात. केवळ सडकेसाठीं केलेला टायर शांत चालतो, परंतु मुरमाच्या चढावर तो घसरतो आणि दगडानें त्याची कड लौकर फाटते. या दोहोंच्या मधला ऑल-टेरेन टायर हाच अशा गृहस्थाला सामान्यतः मानवणारा होय.

टायरइतकाच टायरच्या आंतील धातूच्या चाकाचाही विचार हवा. महिंद्र कंपनीची २०२० सालची 'थार' दोन मापांच्या चाकांसह मिळत असे : एक २४५/७५ आर १६ आणि दुसरें २५५/६५ आर १८. यांतील पहिला आंकडा टायरची रुंदी मिलिमीटरांत सांगतो. दुसरा, कडेची भिंत रुंदीच्या शेंकडा किती उंच आहे हें सांगतो. तिसरा धातूच्या चाकाचा व्यास इंचांत सांगतो. गणित केलें तर पहिल्या टायरची भिंत सुमारें १८४ मिलिमीटर भरते आणि दुसऱ्याची सुमारें १६६. मोठें धातुचाक डौलदार दिसतें खरें, पण दगड आणि धातू यांच्या मधली हवेची गादी त्यांत १८ मिलिमीटरांनीं कमी होते. मुरमाड वाटेवर लहान धातुचाक व उंच टायर हीच जोडी शहाणपणाची. शिवाय पोलादी चाक वांकलें तर बहुधा ठोकून सरळ करतां येतें. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचें चाक दिसण्यांत सरस, पण जबर आघातानें त्याला तडा जाऊं शकतो.

हौसेखातर चाक फार मोठें करूं नये. उंची शेंकडा ५ नें वाढविली तर वेगाचा कांटा ८० दाखवीत असतां गाडी ८४ च्या वेगानें धांवत असते. चाकें अंगाबाहेर काढलीं तर बेअरिंगांवर अधिक ताण पडतो. कारखान्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलांत बदल करण्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचीही बंधनें आहेत. टायरची भारक्षमता कारखान्यानें सांगितल्याहून कमी नसावी, आणि खांचांची खोली १.६ मिलिमीटरांवर आली कीं मोटारीचा टायर कायद्यानेंही निकामी ठरतो.

याहून स्वस्त उपाय हवेचा. नेहमीं ३०-३२ पौंड हवा असेल, तर मऊ वाटेवर ती २० च्या आसपास उतरवून हळू चालल्यास टायर पसरतो आणि भार अधिक जागेवर वांटला जातो. परंतु सडकेवर येतांच हवा पुन्हां भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर वेगांत तापतो आणि फुटतो. म्हणून दाबमापक आणि लहान पंप यांच्यावर केलेला खर्च रुंद चाकांवरील खर्चाहून अधिक सार्थकीं लागतो.

आतां त्या गृहस्थाच्या मनांतली खरी भीति. भर पावसांत, रात्रीं, वस्तीवर आईला एकाएकीं बरें वाटेनासें झालें तर? मोठ्या खांचांचें चाक त्याला हवेंसें वाटतें तें या एका रात्रीसाठीं. परंतु ती रात्र नीट डोळ्यांपुढें आणावी. चिखलाची पाणंद असेल कोस-दीड कोस. पुढें रुग्णालयापर्यंतची ओली सडक, तिचीं वळणें आणि समोरून येणारे मालट्रकांचे दिवे त्याच्या कितीतरी पट. आजारी माणूस घेऊन घाईनें निघालेल्या मुलाला पाणंदींत अडकण्याहून सडकेवर न थांबतां येणें अधिक घातक. आणि काळें रान पुरतें भिजलेलें असेल तर कोणतेंही चाक त्याला हमी देणार नाहीं. तेथें गाडी सडकेच्या कडेला उभी ठेवून आईला बाजेवरून अथवा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनें तेथवर आणणें, हाच मार्ग उरतो. त्याहून चांगलें म्हणजे ऐन पावसाळ्याचे दिवस आईवडिलांनीं शहरांत मुलाकडे काढणें.

शेतकऱ्याला हें कोणी शिकवावें लागत नाहीं. पाऊस उघडला म्हणून तो लगेच पाभर काढीत नाहीं. जमिनीला वापसा येईपर्यंत थांबतो. औत कितीही चांगलें असो, वापशाआधीं रानांत शिरणारा शेत बिघडवितो, हें तो जाणतो. मोटारीच्या मालकानेंही तोच धडा घ्यावा. चाक निवडावें तें वर्षाचे तीनशें दिवस ज्या वाटेनें जावयाचें तिच्यासाठीं; उरलेल्या दिवसांसाठीं हवा कमी करण्याचें ज्ञान, पुन्हां भरण्याचा पंप आणि वापशाची वाट पाहण्याचा धीर जवळ असावा.