भोंगा शाळेचा धडा



मानवी हक्कांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये संमत झाला. त्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ न म्हणता ‘सर्व मानव’ म्हटले गेले, ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. परंतु कागदावरचा हक्क माणसाच्या दारापर्यंत कोणीतरी न्यावा लागतो. ते काम अनेकदा स्वयंसेवी संस्थांनी केले आहे.

ठाणे जिल्ह्याचे उदाहरण बोलके आहे. लग्नासाठी मालकाकडून घेतलेल्या कर्जापोटी आदिवासी तरुण वर्षानुवर्षे त्याच्या शेतावर राबत. लोक त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली, त्यापोटीचे कर्जही रद्द झाले. पण हे त्या गड्याला सांगणार कोण? वसई परिसरात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसद व श्रमजीवी संघटना या संस्थांनी ते सांगितले आणि वेठबिगारांच्या मुक्तीसाठी लढा दिला. या कार्यासाठी १९९९ साली विवेक पंडित यांना आंतरराष्ट्रीय गुलामगिरीविरोधी पुरस्कार मिळाला.

मुक्तीनंतरही पोटाचा प्रश्न उरतोच. दिवाळी सरली की कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. मुलांची शाळा मध्येच सुटते. म्हणून विधायक संसदेने भट्टीवरच ‘भोंगा शाळा’ सुरू केल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरील मजुराची तात्पुरती झोपडी. मूल शाळेत येऊ शकत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, हा त्यामागचा साधा विचार.

अर्थात संस्था शासनाची जागा घेऊ शकत नाही. वाट तिने दाखवावी, रस्ता शासनाने बांधावा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा हा तसा रस्ता आहे. वयाचा दाखला नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असे तो स्पष्ट सांगतो.

जयनगरमध्ये नवी इमारत उठते, तेव्हा तिच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्या उभ्या राहतात. रायचूर, कलबुर्गीकडून आलेल्या मजुरांची मुले तेथे वाळूच्या ढिगावर खेळतात. परमुलखात आपल्या मुलांसाठी शाळा उभारणाऱ्यांना गाव सुटल्याचे दुःख वेगळे सांगावे लागत नाही. माजी विद्यार्थ्यांत आज अभियंते आहेत, बांधकाम व्यावसायिक आहेत. त्यांनी आपल्या कामावर एकच प्रश्न विचारावा : या मुलाचे नाव कोणत्या शाळेच्या पटावर आहे? उत्तर मिळाले नाही, तर जवळच्या शाळेपर्यंत त्याचे बोट धरावे. हीरक महोत्सवाचे याहून मोठे स्मारक नाही.