कष्टाचे चीज



या व्यासपीठावरून तत्त्वज्ञान, इतिहास, राज्यघटना अशा भारदस्त विषयांवर विद्वानांची भाषणे होत असतात. त्या पंक्तीत कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याने उठावे आणि चीज या खाद्यपदार्थावर बोलावे, हे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्यांच्या फाटकांवर झाले. आमच्यासारख्याने महागाई भत्त्यावर बोलावे. जिभेचे चोचले हा काही आमचा प्रांत नव्हे, असा एक समज आहे. तोच समज मी आज तपासून पाहणार आहे. चवीने खाणे ही श्रीमंतांची मिरास आहे काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्या भाषेने इथे एक गंमत करून ठेवली आहे. ‘कष्टाचे चीज झाले’ असे आपण म्हणतो, आणि इंग्रजीतून आलेला खाण्याच्या चीजचा शब्दही त्याच अक्षरांनी लिहितो. दोन्हींची कुळे वेगळी; परंतु ज्या पदार्थाविषयी मी बोलणार आहे, त्यात हे दोन्ही अर्थ एका घरात नांदतात.

आपल्यापैकी बहुतेकांना चीज म्हणून ठाऊक असतो तो डब्यातला किंवा वेष्टनातला मऊ, पिवळा चौकोन. त्याला नावे ठेवण्याचे मला कारण नाही. तयार चीज वितळवून, त्यात क्षार घालून ते टिकाऊ करण्याची युक्ती १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये निघाली. आपल्याकडे खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांनी १९४६ साली उभारलेल्या सहकारी संघाने तो पदार्थ सामान्यांच्या घरात नेला, हे मोठेच काम झाले. मात्र हे चीज बारा महिने तेरा त्रिकाळ एकाच चवीचे असते, आणि तसे असावे म्हणूनच ते बनवलेले असते. हाताने घडवलेल्या चीजची जात निराळी. त्याचा एकच नमुना घेऊ, म्हणजे बोलणे हवेत राहणार नाही.

फ्रान्सच्या पूर्वेला, स्वित्झर्लंडच्या हद्दीलगत, ज्युरा नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे हिवाळा लांबतो आणि बर्फ दाट पडते. उन्हाळ्यात कुरणे हिरवीगार असतात आणि गाई भरपूर दूध देतात. हिवाळ्यात मात्र पोटाला काय, हा प्रश्न. उन्हाळ्याचे दूध हिवाळ्यापर्यंत पोहोचवायचे, तर त्याचे मोठे, घट्ट, टिकणारे चीज करणे हा उपाय. तिथल्या चीजला कोंते म्हणतात. त्याचे एक चाक सुमारे ४० किलो वजनाचे भरते, आणि त्यासाठी सुमारे ४०० लिटर दूध लागते. जुन्या काळच्या, चार-पाच गाई बाळगणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी एका दिवसात एवढे दूध कोठून येणार? तेव्हा शेजाऱ्यांनी आपापले दूध एका कढईत ओतले. अशा सामाईक दुग्धालयाला ते फ्रुइतिएर म्हणतात. त्या शब्दात ‘फळ’ दडलेले आहे: सर्वांच्या श्रमाचे फळ एकत्र करण्याची जागा. या प्रथेचा उल्लेख तेराव्या शतकातल्या कागदपत्रांत सापडतो. सहकाराचा कायदा, निबंधक, लेखापरीक्षक, यांतले काहीही जन्माला आले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट! बझांसों हे त्या प्रांताचे मुख्य शहर. सहजीवनाची स्वप्ने पाहणारा फुरिये आणि छापखान्यात खिळे जुळवणारा प्रूधों, हे समाजवादाच्या इतिहासातले दोन विचारवंत त्याच शहरात जन्मले. कढईतल्या दुधाने त्यांना विचार शिकवला असा दावा मी करणार नाही. पण शेजार चांगला होता, एवढे खरे.

आता ते बनते कसे, ते पाहा. गाईंना गवत आणि वाळलेला चारा द्यायचा; आंबवलेला चारा वर्ज्य. दूध न तापवता, कच्चेच तांब्याच्या मोठ्या कढईत घ्यायचे. ज्यांच्या नावाने दूध तापवून निर्जंतुक करण्याची रीत जगभर ओळखली जाते, ते लुई पाश्चर १८२२ साली याच ज्युरामधल्या दोल गावी जन्मले, आणि त्यांच्याच मुलखातल्या या चीजला पाश्चरची प्रक्रिया केलेले दूध चालत नाही! असो. दूध कोमट करून त्यात विरजण आणि रेनेट घालतात. हे रेनेट परंपरेने वासराच्या जठरातून काढतात, तेव्हा शाकाहारी मंडळींनी कोणतेही परदेशी चीज घेताना चौकशी करून घ्यावी. वनस्पतिजन्य अथवा सूक्ष्म जीवांपासून केलेले रेनेट वापरणारी चीजही मिळतात. दही लागल्यावर त्याचे गव्हाच्या दाण्याएवढे बारीक तुकडे करतात, ते पन्नास अंशांच्या वर तापवतात, आणि साच्यात घालून दाबतात.

इथवर काम एका दिवसाचे. खरे काम पुढे. ते चाक तळघरात स्प्रूसच्या लाकडी फळीवर ठेवतात, आणि मग कमीत कमी चार महिने, पुष्कळदा वर्ष-दीड वर्ष, माणूस त्याची निगा राखतो. ते उलटायचे, मिठाच्या पाण्याने पुसायचे, छोट्या हातोडीसारख्या अवजाराने ठोकून आवाज ऐकायचा, की आत भेग तर पडली नाही ना. कुंभार मडके वाजवून पाहतो, तसेच. १८७० च्या युद्धानंतर फ्रान्सने सरहद्दीवर किल्ले बांधले. त्यांपैकी ज्युरामधल्या सेंट-आंत्वानच्या किल्ल्यात १९६६ पासून तोफांऐवजी चीजची चाके ठेवली जातात. जगातल्या सगळ्याच किल्ल्यांना अशी सद्गती मिळो!

म्हणून मी म्हणतो, चीज म्हणजे साठवलेला वेळ. त्यात गाईचा उन्हाळा असतो आणि माणसाचा हिवाळा असतो. उन्हाळ्यात हिरवे गवत खाल्लेल्या गाईच्या दुधाचे चीज पिवळे दिसते, हिवाळ्यातले फिकट. जुन्या चीजमध्ये दाताखाली पांढरे खडे लागतात. ते मिठाचे नव्हेत. मुरताना दुधातली प्रथिने फुटतात, त्यांचे ते स्फटिक. नाव एक असले, तरी प्रत्येक गावाच्या दुग्धालयाची चव वेगळी, आणि जाणकार ती ओळखतो.

एकदा आमच्या संघटनेतला रत्नागिरीकडचा एक खलाशी बोटीवरून परतताना या चीजची एक फोड घेऊन आला. कचेरीत आम्ही सात-आठ जण होतो. ज्वारीची भाकरी होती, बुक्कीने फोडलेला कांदा होता. त्याने चीज कापले, ते टोकापासून थेट पाठीपर्यंत लांब कापून. कारण मधला मऊ भाग एकाने घ्यायचा आणि सालीकडचा दुसऱ्याच्या वाट्याला टाकायचा, ही तिकडेही असभ्यता समजतात. वाटणीचा हा नियम आमच्या मंडळींना फार आवडला. आधी वास घेतला. मग बोटाएवढा तुकडा सावकाश चावला. पहिल्यांदा लोण्याची चव आली, मग भाजलेल्या दाण्यांची, आणि शेवटी कढवलेल्या तुपाच्या बेरीसारखी काहीतरी. कोणी बोलेना. मग एका जुन्या गोदी कामगाराने विचारले, “हे जो बनवतो, त्याला हे खायला मिळतं का हो?”

मित्रहो, चवीच्या शास्त्रातला याहून मोठा प्रश्न मला ठाऊक नाही. मुंबईच्या गिरण्यांत ज्यांनी तलम कापड विणले, त्यांच्या अंगावर जाडेभरडेच राहिले. ज्युरामधला शेतकरी मात्र आपल्या सहकारी दुग्धालयाचा सभासद असतो आणि त्याच्या घरच्या टेबलावर त्याचेच चीज असते. फ्रेंच कष्टकरी सकाळच्या कामात थोडे थांबून पाव, चीज, एखादा कांदा खातात. त्या न्याहारीला ते कास-क्रूत म्हणतात, म्हणजे पावाची कडक साल फोडणे. आपण कांदा फोडतो, ते पाव फोडतात. ही काही राजवाड्यातली मेजवानी नव्हे. पण तिला दोन गोष्टी लागतात: चांगला जिन्नस आणि थांबायला सवड.

जिन्नसाचे म्हणाल, तर तो आयात केलेलाच हवा असे नाही. आयातीचे चीज महाग आहे, आणि ते रोज खा असे सांगणे ही थट्टा होईल. सुरतेच्या आणि मुंबईच्या पारशी मंडळींचे टोपली पनीर घ्या. लहान टोपल्यांत निथळवलेले, स्वतःच्याच पाण्यात तरंगणारे, जिभेवर विरणारे. घरचे ताजे लोणी, लसणीची चटणी आणि गरम भाकरी घ्या. चीज थंड खाऊ नये, तासभर बाहेर ठेवून खावे. मसाल्याखाली दडपू नये. एका वेळी थोडे घ्यावे आणि सावकाश चावावे. हेच नियम भाकरी-लोण्यालाही लावून पाहा. ज्याने पिकवले, वळले, मुरवले, त्याचा हात तुम्हाला चवीत सापडेल.

आणि सवड? ती मात्र बाजारात मिळत नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे केला. त्यात रविवारच्या सुट्टीच्या जोडीला दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली होती. सुट्टी १८९० साली मिळाली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने सलग पाच तासांहून अधिक काम नको, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी, असे बंधन घातले. आज दारोदार खाण्याच्या पिशव्या पोहोचवणारा तरुण दुसऱ्यांचे गरम जेवण पाठीवर घेऊन धावतो आणि स्वतः दुचाकीवर बसून वडापाव गिळतो. बारा-बारा तास उभा राहणारा पहारेकरी डबा उघडतो, तो अर्धे लक्ष फाटकाकडे ठेवून. त्यांच्या जिभेला चव कळत नाही असे नाही. त्यांच्याजवळ चव घेण्याइतका वेळ राहू दिलेला नाही.

तेव्हा माझ्या प्रश्नाचे उत्तर असे. चवीने खाणे ही श्रीमंतांची मिरास नव्हे. ती कष्टकऱ्यांनी निर्माण केलेली वस्तू आहे. तिच्यावर त्यांचा पहिला हक्क आहे. अर्ध्या तासाची मागणी करणारे लोखंडे पोटाइतकेच जिभेसाठीही भांडले, असे मी मानतो. आपण घरी जाल, जेवायला बसाल, तेव्हा पहिला घास सावकाश चावा. आणि आपल्या घरी, दुकानात, कचेरीत जो कोणी काम करतो, त्यालाही बसून खायला अर्धा तास मिळतो की नाही, एवढे उद्या पाहा. दोन्ही गोष्टी झाल्या, म्हणजे आजच्या माझ्या बोलण्याचे चीज झाले, असे मी समजेन.