तेरा आठवड्यांच्या मैत्रिणी

(पातूर येथे सामुदायिक रेडिओसाठी केलेले भाषण)

मैत्रिणींनो, दुपारचं जेवण, भांडीकुंडी आटोपली असतील. निवडायला काही असेल तर सूप मांडीवर घेऊन बसा. हात चालू द्या आणि कान माझ्याकडे असू द्या.

आज मी टीव्हीवरच्या मालिकांबद्दल बोलणार आहे. सध्या चालू आहेत त्या तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत, म्हणून त्या सोडून देते. मला बोलायचंय ते चाळीस वर्षांपूर्वीच्या, थोडाच काळ चालून संपलेल्या मालिकांबद्दल. ‘रामायण’ सगळ्यांच्या लक्षात आहे, ‘महाभारत’ आहे. पण ‘रजनी’ कोण, असं आजच्या पोरींना विचारलं तर त्या रजनीकांतचं नाव घेतात. ‘उडान’, ‘कच्ची धूप’, ‘स्वयंसिद्धा’ ही नावंही त्यांच्या कानांवरून गेलेली नाहीत. आणि मजा अशी, की बाईच्या जातीला विचार करायला लावणाऱ्या बऱ्याच गोष्टी याच छोट्या मालिकांत होत्या.

आधी आपल्याकडे टीव्ही कसा आला ते सांगते. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढच्या वर्षी ते पुण्याला दिसू लागलं. तिथे ‘गजरा’ लागायचा, बायकांसाठी ‘सुंदर माझं घर’ लागायचं. स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे मराठी बातम्या वाचायच्या. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी शेवटी चिं. वि. जोशींच्या गोष्टींवरून ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ आलं. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. मुंबई-पुण्याच्या घराघरांत त्यांचं नाव झालं. पण त्या लहरींची धाव मर्यादित. आपण शेकडो किलोमीटर लांब. आपल्याला हे सगळं मुंबईहून दिवाळीला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडूनच कळायचं.

मग ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह वर गेला आणि १९८४ पासून गावोगावी छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहू लागली. ही छोटी केंद्रं मुख्यतः दिल्लीचा कार्यक्रम पुढे पाठवायची. म्हणून वऱ्हाडातल्या कितीतरी बायांनी टीव्हीवर पहिली गोष्ट पाहिली ती हिंदीत. आमच्या आळीत एकच टीव्ही होता, काळा-पांढरा, लाकडी दारांचा. एक पोट्टा कवेलूवर अँटेना धरून उभा. तो वरून ओरडायचा, “आलं का?” आणि खालून आम्ही, “नाही रे बाप्पा, अजून मुंग्याच हायेत!”

७ जुलै १९८४ ला ‘हम लोग’ सुरू झालं. मनोहर श्याम जोशींनी लिहिलेलं, आणि शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द सांगायचे. दीडशेहून जास्त भाग झाले, म्हणजे ही काही छोटी मालिका नव्हे. पण तिच्यातली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. भागवंती नावाची आई होती त्यात. सासू-नवऱ्याचं ऐकून घेणारी, स्वतःसाठी काही न मागणारी. बायांनी असं राहू नये, हे दाखवायला ती उभी केली होती. पुढे अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं, तेव्हा कितीतरी जणांना भागवंतीच आदर्श वाटली होती! दाखवणाऱ्याने एक दाखवलं आणि पाहणाऱ्याने आपल्या घरात बसतं तेच घेतलं. हे आजच्या मालिका पाहतानाही लक्षात ठेवा.

आता या मालिका छोट्या का असायच्या? वर्षाचे आठवडे बावन्न. तीन महिन्यांचे तेरा. दूरदर्शन निर्मात्याला बहुधा तेरा आठवडे द्यायचं, आठवड्याला एक भाग. गाडी चांगली चालली आणि जाहिरातदार मिळाला, तर आणखी तेरा. नाही तर राम राम. म्हणून लिहिणाऱ्याला पहिल्याच दिवशी शेवट ठाऊक असावा लागायचा. तेरा भागांत बाईला अडचण यायची, तिने विचार करायचा, काहीतरी ठरवायचं आणि गोष्ट संपायची. आता शेजारी हा आकडा ठेवून पाहा. २००० साली सुरू झालेली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ २००८ पर्यंत चालली, १,८३३ भाग. रोज लागणाऱ्या मालिकेत बाईची अडचण सुटली तर उद्या दाखवायचं काय? म्हणून तिची अडचण सुटूच देत नाहीत.

१९८५ ची ‘रजनी’ घ्या. दिग्दर्शक बासू चटर्जी आणि रजनीच्या कामात प्रिया तेंडुलकर, आपल्या विजय तेंडुलकरांची लेक. साडी नेसलेली, कपाळावर टिकली, चारचौघींसारखी गृहिणी. पण कुणी नाडलं की ती गप्प बसायची नाही. गॅस सिलिंडर आणणाऱ्यापासून कचेरीतल्या बाबूपर्यंत सगळ्यांना जाब विचारायची. तेव्हा ‘ग्राहक’ हा शब्द आपल्या तोंडी नव्हता. ग्राहक संरक्षण कायदा झाला तो पुढच्या वर्षी, २४ डिसेंबर १९८६ ला. कायदा मालिकेमुळे झाला असं मी म्हणत नाही. पण विचारलं तर चालतं, हे बायांना कायद्याच्या आधी रजनीने सांगितलं. माझी एक काकू, शाळेत चौथीपर्यंत गेलेली. तिने सिलिंडर आला की तो वजनकाट्यावर ठेवायला लावायला सुरुवात केली. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं, त्यात गॅसचे १४.२ किलो मिळवायचे. आणणारा म्हणे, “काकू, काहून एवढा तरास?” काकू म्हणे, “पैसे मोजून घेतो ना तू? मंग मी गॅस मोजून घेतो.” प्रिया तेंडुलकर २००२ मध्ये गेल्या. काकूही नाही आता. पण आमच्या घरी सिलिंडर अजून मोजूनच घेतो.

त्याच प्रिया तेंडुलकरांची दुसरी मालिका ‘स्वयंसिद्धा’. ती लिहिली होती विजय तेंडुलकरांनी. घटस्फोट झालेली बाई आणि तिचं स्वतःच्या पायावर उभं राहणं. आपल्याकडे तेव्हा ‘टाकलेली’ हाच शब्द होता. टाकायला बाई म्हणजे काय फाटकं पोतं आहे? त्या मालिकेत असल्या बाईचं आयुष्य नवरा गेल्यावर संपत नव्हतं, उलट तिथूनच गोष्ट सुरू होत होती.

१९८७ मध्ये अमोल पालेकरांची ‘कच्ची धूप’ आली. लुइझा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेच्या शंभर वर्षांहून जुन्या कादंबरीवरून घेतलेली. एक आई, तिच्या मुली आणि तंगीतला संसार. सांगलीच्या पटवर्धनांच्या घरातली भाग्यश्री पहिल्यांदा दिसली ती यात, ‘मैंने प्यार किया’च्या आधी. मुलींनीच भरलेलं घर आणि त्याबद्दल कुणी हळहळत नाही, हे तेव्हा नवीन होतं.

‘मिस्टर योगी’ आठवते का कुणाला? मोहन गोखले नायक. अमेरिकेहून लग्नासाठी आलेला मुलगा बारा राशींच्या बारा मुली पाहायला निघतो. केतन मेहतांची ही मालिका तेरा भागांतच संपली. पोहे आपण करायचे, ट्रे धरून आपण उभं राहायचं. इथे मात्र पाहायला आलेल्याचंच हसू होत होतं.

आणि ‘उडान’, १९८९ ची. कविता चौधरीने ती लिहिली, तिनेच दिग्दर्शन केलं, कल्याणीचं मुख्य कामही तिनेच केलं. साबणाच्या पावडरीच्या जाहिरातीतली ललिताजी म्हणाल तर तीही हीच. गोष्ट तिच्या बहिणीची, कांचन चौधरी भट्टाचार्य यांची. घरावर अन्याय झाला, दाद कुणी घेईना, तेव्हा मुलगी शिकून पोलीस अधिकारी झाली. खऱ्या कांचनताई २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. एखाद्या राज्याच्या पोलीस दलाच्या प्रमुखपदी बाई बसण्याची देशातली ती पहिली वेळ. ‘उडान’ मधला बाप मला फार आवडायचा. तो मुलीला कधी ‘माझा मुलगाच आहेस तू’ असं म्हणून मोठी करत नाही. मुलगी म्हणूनच मोठी होऊ देतो.

आपल्या मराठीत ‘बंदिनी’ होती, बायांच्याच कथा सांगणारी. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरून राजदत्तांनी केलेली ‘गोट्या’ होती. विजया मेहतांनी हिंदीत दवाखान्यावर ‘लाइफलाइन’ केली. यादी लांबेल, म्हणून इथे थांबते.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. जुनं ते सगळं सोनं नव्हतं. कितीतरी मालिका कंटाळवाण्या होत्या. आणि चांगल्यांतही मोठी उणीव होती. त्यांतल्या बाया बहुतेक शहरातल्या, शिकलेल्या, नळाला पाणी असलेल्या. सकाळी डबा बांधून निंदायला जाणारी, कापूस वेचून पाठ धरलेली, घाटाच्या पायथ्याला राहणारी बाई त्यांत कुठे होती? आपली वऱ्हाडी बोली टीव्हीवर यायची ती हसवण्यापुरती. म्हणजे जे थोडं दाखवलं गेलं ते विसरलं गेलं, आणि आपलं तर दाखवलंच गेलं नाही.

या मालिका गेल्या कुठे? काही मिळतात. प्रसार भारतीने आपल्या जुन्या संग्रहातलं बरंच आता यूट्यूबवर ठेवलं आहे. नातवाला सांगा, काढून देईल. पण सुरुवातीच्या काळातलं कितीतरी कायमचं गेलं. तेव्हा चित्रफीत महाग होती. कार्यक्रम झाला की त्याच फितीवर पुढचा घ्यायचे. पाटी पुसून पुन्हा लिहावं तसं. हे केवळ आपल्याकडेच झालं असं नाही. इंग्लंडच्या बीबीसीनेही असंच केलं. त्यांची ‘डॉक्टर हू’ नावाची मालिका आहे, तिचे नव्वदहून अधिक भाग असेच नाहीसे झाले. पण त्या हरवलेल्या भागांचा आवाज मात्र शिल्लक आहे. कसा? त्या वेळी घरी बसून पाहणाऱ्या साध्या प्रेक्षकांनी आपला टेपरेकॉर्डर टीव्हीसमोर ठेवून तो भरून घेतला होता. एवढ्या मोठ्या संस्थेला जे जमलं नाही, ते घरातल्या माणसांनी केलं.

मैत्रिणींनो, आता आपल्या रेडिओकडे येते, कारण मला मुळात हेच सांगायचंय. सामुदायिक रेडिओच्या सरकारी नियमांत असं आहे, की निम्मे तरी कार्यक्रम गावातल्या लोकांनीच केलेले असावेत. आणि दुसरं असं, की लावलेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा. तीन महिने. पुन्हा तेच तेरा आठवडे! त्यानंतर तो ठेवा असं कुणी सांगत नाही. संगणकात जागा कमी पडली की जुनं पुसायचं, हा सरळ हिशोब.

मागे एका आजीबाईंनी आपल्या केंद्रावर भुलाबाईची गाणी म्हटली होती. बसल्या बसल्या एकामागून एक, कागद नाही, पुस्तक नाही. पुढच्या वर्षी त्या गेल्या. वर्षश्राद्धाच्या आधी त्यांची लेक केंद्रावर आली. म्हणाली, “माह्या मायचा आवाज हाये का तुमच्यापाशी?” तीन महिने केव्हाच उलटले होते. संगणकात ते ध्वनिमुद्रण नव्हतं. नशिबाने आपल्याकडे काम करणाऱ्या एका पोरीने ते आवडलं म्हणून स्वतःच्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलं होतं. लेकीने ते कानाला लावून ऐकलं. एक आवाज असा राहिला. किती पुसले गेले असतील?

म्हणून माझं सांगणं आहे. घरात जुन्या कॅसेट असतील, लग्नाच्या, बारशाच्या, आजीच्या ओव्यांच्या, तर भंगारात देऊ नका. ओलीच्या जागी ठेवू नका, स्पीकरजवळ किंवा लोहचुंबकाजवळ ठेवू नका. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती तशीच लावू नका, फीतही जाते आणि यंत्रही बिघडते. चांगली असेल तर पिन लावून तिचा आवाज मोबाइलमध्ये किंवा संगणकात घेता येतो. घेतला की दोन प्रती करा, आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. प्रत्येकीवर लिहा, कोण बोलतंय, कोणतं गाव, कोणतं साल. नाव नसलेला आवाज वीस वर्षांनी कुणालाच ओळखू येत नाही.

दुसरं काम केंद्राचं. दर तीन महिन्यांनी पुसण्याआधी एक दिवस आपण चार-पाच जणींनी बसायचं, काय ठेवायचं ते ठरवायचं आणि वहीत नोंद करायची. त्यासाठी मी माझं नाव दिलं आहे. आलेगाव, विवरा, चान्नी, सस्ती, कुठल्याही गावची बाई येऊ शकते. शिक्षणाची अट नाही, ऐकता आलं पाहिजे एवढंच.

आणि तुमच्या आठवणीतली एखादी मालिका असेल, तेरा भागांची, तर तीही सांगा. नाव आठवत नसेल तर गोष्ट सांगा, गोष्ट आठवत नसेल तर त्यातली बाई कशी होती ते सांगा. रेणुकामातेच्या टेकडीवर येता-जाता केंद्रावर डोकावलात तरी चालेल, मी बुधवारी दुपारी असते. आपण ते भरून घेऊ, आणि या वेळी जपूनही ठेवू.

बराच वेळ घेतला तुमचा. सूप रिकामं झालं असेल.