वकिलाची हौस

लखनौच्या अमौसी स्थानकातून मेट्रोत बसलात, की हजरतगंजला उतरा. तिथून जवळच कैसरबागेत भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय आहे. हे नाव वाळकेश्वरला 1860 साली जन्मलेल्या विष्णु नारायण भातखंडे यांचं. पेशानं ते वकील. सतार आणि गाणं ही त्यांची हौस. 1884 साली ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत दाखल झाले. ऐकता ऐकता प्रश्न पडू लागले. एकच राग दोन गवई वेगवेगळा का गातात? याचं शास्त्र कुठं लिहिलंय? उत्तरासाठी ते देशभर हिंडले, जुने ग्रंथ धुंडाळले, उस्तादांकडून बंदिशी मिळवून स्वरलिपीत उतरवल्या. त्यांची ही चिकाटी मला सर्वांत थोर वाटते, कारण घराण्याची बंदिश तेव्हा सहजासहजी कुणी देत नसे. पुढे वकिली सुटली. रागांची दहा थाटांत, म्हणजे मूळ स्वरसंचांत, मांडणी झाली, ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत आली आणि 1926 मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज उभं राहिलं. तेच आजचं हे विश्वविद्यालय. तुमच्या घरी पेटी झाकून ठेवलेली असेल, तर आज संध्याकाळी खोळ काढा आणि वाजवताना पडलेला एक तरी प्रश्न वहीत लिहून ठेवा.